‘गल्लीतला गोंगाट’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

नमस्कार.

फिलिपिन्सच्या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीतावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. नाव लिहायचं तुम्ही टाळलं आहे, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणते. दोन ओळींत आभार मानून सोडून देणार होते, पण त्यातला एक शब्द काही केल्या मनातून जाईना. म्हणून हे सविस्तर.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. बुडोट्स, म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधल्या दावाव शहरात जन्मलेलं नाचसंगीत, हा तिथल्या गल्लीतला गोंगाट आहे, आणि ‘मॅडम परदेशात शिकून आल्यामुळे त्यांना तिथला कचराही सोनं वाटतो, आपल्या विसर्जन मिरवणुकीतला डीजे मात्र चालत नाही’. भूमिगत संगीत मोठ्या मंचावर नेलं की ते मरतं, तेव्हा त्याला तिथेच राहू द्यावं. लेडबॅक लूक या डीजेला फिलिपिनो कलाकारांत मोजणं ओढूनताणून आहे. आणि शेवटी, या सगळ्या प्रसिद्धीतून कलाकाराच्या हातात किती पैसे पडतात याचा लेखात हिशोब नाही.

लेडबॅक लूकचं आधी मिटवते. त्याचा जन्म 1976चा, मनिलातला, पण तो वाढला नेदरलँड्समध्ये आणि त्याची कारकीर्द घडली ती तिथल्या नाचसंगीताच्या वातावरणात. मनिलाच्या क्लबांना त्याच्या यशाचं श्रेय देता येणार नाही, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. लेखातलं ते वाक्य सौम्य करते.

आता ‘कचरा’.

टीकेला माझी ना नाही. बुडोट्स ऐकून कान किटले, चाल एकसुरी वाटली, नाच आवडला नाही, असं म्हणा, त्यावर बोलता येईल. पण कचरा हा शब्द तुम्ही कोणाच्या कामाला लावता आहात ते एकदा बघा. दावावमध्ये इंटरनेट कॅफे चालवणारा एक माणूस, शेर्विन टुना, ज्याला जग डीजे लव्ह म्हणून ओळखतं, त्याने तिथल्या संगणकावर फ्रुटीलूप्स हे सॉफ्टवेअर घेऊन हे संगीत रचायला सुरुवात केली. चार ठोक्यांचा सरळ ताल, मिनिटाला एकशेचाळीसच्या आसपास ठोके, वर शिट्टीसारखा टोकदार सिंथ, मध्येमध्ये गल्लीतले आवाज. त्यावर वस्तीतली पोरं गुडघे वाकवून, खाली बसत, गुडघे उघडझाप करत नाचायची, आणि तो त्यांचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायचा. पोरांनी टोळ्यांपासून आणि ड्रग्जपासून लांब राहावं हा त्यामागचा त्याचा हेतू होता, आणि तो त्याने लपवलेला नाही. स्टुडिओ नाही, लेबल नाही, राजधानीत ओळख नाही. अशा परिस्थितीत ज्याने एक अख्खा संगीतप्रकार उभा केला त्याच्या कामाला कचरा म्हणायला आपण स्वतः काय उभं केलं आहे, हा प्रश्न मला तरी पडला असता.

‘परदेशात शिकून आल्यामुळे’ हेही तुम्ही सहज लिहून गेलात. हो, मी दावावमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलं. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं-मुली तिथे शिकतात, मी त्यांतलीच एक, सांगलीची. तिथे आम्हा भारतीयांचं जग फार छोटं असतं: वर्ग, वसतिगृह, भारतीय मेस, परीक्षा. त्या जगाबाहेर मला काढलं ते रुग्णांनी. त्यांच्याशी बोलायचं तर बिसाया शिकावी लागली, आणि बिसाया शिकायला वस्तीत जावं लागलं. तिथे जीपनीत, म्हणजे तिथल्या प्रवासी गाडीत बुडोट्स, बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या, फिएस्ताला (उत्सवाला) बुडोट्स, सकाळच्या मैदानी व्यायामाला बुडोट्स. रात्रपाळीला वॉर्डातला एक मदतनीस मोबाइलवर हलक्या आवाजात तेच लावून फरशी पुसायचा, आणि आजारी मुलाच्या उशाशी जागणारी आई त्या तालावर पायाचा अंगठा हलवायची. हे मी यूट्यूबवर बघून लिहिलेलं नाही. त्या माणसांमध्ये राहिले, त्यांच्या हातचं जेवले, त्यांच्या लग्नांत नाचले. तुमच्या प्रतिक्रियेत त्या शहराविषयीची एकही माहिती नाही, त्या संगीतातल्या एकाही आवाजाचं वर्णन नाही. तरीही निकाल तयार आहे.

आणि हा निकाल नवीन नाही, म्हणूनच तो जास्त लागला. मनिलातल्या सुखवस्तू घरांत बुडोट्सला ‘बादुय’, म्हणजे गावठी, भिकार म्हणत. दक्षिणेच्या मिंदानाओ बेटावरची पोरं, बिसाया बोलणारी, स्वस्त टीशर्टातली, त्यांचं संगीत आपल्या ड्रॉइंग रूममध्ये नको. मात्र मतं हवी असली की हेच संगीत चालतं. रोद्रिगो दुतेर्ते दावावचे महापौर असताना बुडोट्सवर नाचले आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. रामोन ‘बाँग’ रेविल्या हे सिनेनट राजकारणी सार्वजनिक निधीच्या लुटीच्या खटल्यात 2014पासून कोठडीत होते, डिसेंबर 2018मध्ये निर्दोष सुटले, आणि 2019च्या सिनेट निवडणुकीत त्यांच्या टीव्ही जाहिरातीत काय होतं? धोरण नाही, आश्वासन नाही. ते बुडोट्स नाचले. निवडून आले.

माझ्या लेखाचा सगळा भर याच्यावर होता, आणि तुम्ही तिथेच नजर फिरवलीत. हा आवाज केव्हाच घराघरांत पोचलेला आहे. पोचलं नाही ते तो बनवणाऱ्यांचं नाव. टिकटॉकवर देशोदेशीची पोरं त्यावर नाचतात, जाहिराती त्यावर चालतात, सिनेटर त्यावर निवडून येतात, आणि हे कोणी केलं असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. फिलिपिनो इलेक्ट्रॉनिक कलाकारांना पुढे आणा असं मी म्हणते तेव्हा आवाजाबरोबर नाव जाऊ द्या एवढंच माझं मागणं आहे. डीजेंचे सेट इंटरनेटवर दाखवणाऱ्या, लंडनमधून सुरू झालेल्या बॉयलर रूमच्या मनिलातल्या कार्यक्रमात डीजे लव्हने सेट वाजवला, त्याच्या नावानिशी. त्या दिवशी मला झालेला आनंद तुम्हाला भाबडा वाटत असेल तर वाटू दे.

‘मोठ्या मंचावर नेलं की मरतं’ हे वाक्य ऐकायला छान आहे. ते म्हणणारे बहुतेक वेळा स्वतः खुर्चीत बसलेले असतात. भूमिगत राहणं ही मनिलाच्या कलाकारांनी हौसेने निवडलेली जागा आहे असं तुम्हाला वाटतं का? माकातीतल्या पोब्लासियोनच्या छोट्या बारमध्ये किंवा क्युबाओतल्या एखाद्या अरुंद खोलीत मूठभर लोकांसमोर वाजवणारा संगीतनिर्माता तिथे असतो, कारण दुसरं दार उघडत नाही. जॉर्ज विएनेके, म्हणजे सिमिलरऑब्जेक्ट्स, याने बुवानबुवान कलेक्टिव्ह हा संगीतनिर्मात्यांचा गट उभा केला आणि तरुण निर्मात्यांना एकमेकांचा आधार दिला, तो याच कारणाने. रेडिओचं बघा. कोराझॉन अकिनो यांच्या काळातला 1987चा कार्यकारी आदेश क्रमांक 255 सांगतो की संगीताचे कार्यक्रम लावणाऱ्या केंद्रांनी दर तासाला किमान चार मूळ फिलिपिनो रचना वाजवल्या पाहिजेत. त्यात भाषेची अट नाही, फिलिपिनो माणसाने रचलेली असली म्हणजे झालं. मग त्या चारांत एक इलेक्ट्रॉनिक रचना बसायला काय हरकत आहे? पण तिथे प्रेमगीतं आणि बँडची गाणी बसतात, आणि क्लबचं संगीत क्लबातच राहतं.

त्यात 2016 आलं. त्या मे महिन्यात मनिला उपसागराकाठी मॉल ऑफ एशियाच्या मैदानावर झालेल्या मोठ्या संगीत कार्यक्रमात पाच तरुण माणसं दगावली. नंतर जूनच्या अखेरीस दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि ड्रग्जविरोधी मोहीम सुरू झाली. मी तेव्हा तिथेच होते. रात्रीचं संगीत, क्लब, डीजे हे शब्द उच्चारले की लोक खालच्या आवाजात बोलायला लागायचे. एका पिढीच्या संगीतावर संशयाची अशी सावली पडलेली असताना त्यांना ‘अंधारातच राहा, तिथेच तुम्ही खरे’ असं सांगणं मला क्रूर वाटतं. डॉक्टर म्हणून सांगते, उजेडात, पाणी, रुग्णवाहिका आणि प्रशिक्षित माणसं असलेल्या ठिकाणी होणारा कार्यक्रम हा लपूनछपून होणाऱ्या पार्टीपेक्षा केव्हाही बरा.

आणि खरंच मरतं का? कॅलिफोर्नियात डेली सिटीच्या आसपास 1980च्या दशकात फिलिपिनो घरांतली पोरं गॅरेजमध्ये, शाळेच्या हॉलमध्ये, लग्न-वाढदिवसांना डीजे म्हणून वाजवायची. त्याच वातावरणातून क्यूबर्ट आला, मिक्स मास्टर माइक आला. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी डीएमसी ही डीजेंची जागतिक स्पर्धा जिंकली. माइक पुढे बीस्टी बॉइजबरोबर जगभर वाजवत फिरला. त्यांची कला त्यामुळे मेली नाही, उलट तबकडी खरवडण्याच्या त्या कौशल्याला वाद्याचा मान मिळाला. गॅरेजमध्येच ठेवली असती तर आज तुमच्या-माझ्यापर्यंत पोचली नसती.

मिरवणुकीतल्या डीजेचं म्हणाल, तर मी त्याच्या संगीताविरुद्ध एक ओळही लिहिलेली नाही. शोधून दाखवा. लिहिलं ते आवाजाच्या पातळीविरुद्ध, कारण विसर्जनानंतर कानात शिट्टी वाजते म्हणून येणारी मुलं मी तपासते. दावावमध्ये कोणी स्पीकरची भिंत उभी केली तर तिथेही हेच म्हणेन. आपल्या मातीतल्या तालाचा मला तिटकारा असता तर क्रेटेक्स हा मराठी निर्माता 2024मध्ये मराठी शब्दांचं हाउस प्रकारचं नाचसंगीत घेऊन स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलपर्यंत गेला तेव्हा मी इथेच त्याचं अभिनंदन का केलं असतं? जुने लेख न वाचता माणसाच्या आवडीनिवडी ठरवू नयेत, एवढी अपेक्षा मी वाचकाकडून ठेवते.

पैशांच्या हिशोबाविषयी: तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. माझा लेख कलाकारांच्या ओळखीबद्दल होता, मानधनाच्या तक्त्याबद्दल नाही. नाव पोचल्याशिवाय मानधन कुठून येणार, हे साधं आहे, आणि यापलीकडे त्यावर इथे बोलणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. माझी एकच विनंती आहे: डीजे लव्हचा तो मनिलाचा सेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको, आणि मग लिहा. आवडला नाही तर तसं लिहा, कुठला भाग का आवडला नाही तेही लिहा. फक्त खाली स्वतःचं नाव घाला.