ऑरेंज गेटला उतरल्यावर पुढे काय?

आमच्या चेंबूरच्या कट्ट्यावर ईस्टर्न फ्रीवेबद्दल, म्हणजे इथून फोर्टकडे वरच्या वर नेणाऱ्या रस्त्याबद्दल, वाकडं बोललेलं खपत नाही. तो उघडला त्या 2013 च्या जूनआधी इथून फोर्टला रस्त्याने जायचं म्हणजे सायन, दादर टीटी, परळ, भायखळा असं एकेका सिग्नलशी ओळख वाढवत जावं लागायचं. नाहीतर वडाळ्याहून बंदराच्या, म्हणजे पोर्ट ट्रस्टच्या रस्त्याने, पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. त्यामुळे परवा चहा यायच्या आधीच मास्तरांनी "हा रस्ता थोड्या लोकांसाठी बांधलाय" असं जाहीर केलं, तेव्हा टॅक्सीवाले काका बाकावरून जवळजवळ उठलेच.

"मास्तर, तुम्ही जन्मभर लोकलने गेलात, तुम्हाला काय कळणार? वर चढलो की वीस-पंचवीस मिनिटांत थेट पी. डिमेलो रोड. सिग्नल नाही, टोल नाही."

"आणि पी. डिमेलो रोडवर उतरल्यावर किती मिनिटं?" पिंट्याने विचारलं.

काकांनी चहावाल्याकडे बघितलं. सकाळी ऑरेंज गेटला, फ्रीवे जिथे पी. डिमेलो रोडवर उतरतो तिथे, गाड्या तुंबतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! तिथून जीपीओ, सीएसएमटी ओलांडून नरिमन पॉइंट गाठेपर्यंत वर वाचवलेला वेळ खाली परत द्यावा लागतो.

इथे साहेब बोलायला लागले. साहेब म्हणजे आमच्यातले निवृत्त इंजिनिअर. फ्रीवेच्या कामाशी त्यांचा संबंध नव्हता, पण कोणी त्याला नाव ठेवलं की घरच्या माणसाला बोलल्यासारखे लाल होतात. "कल्पना आजकालची नाही," ते म्हणाले. "विल्बर स्मिथ नावाच्या अमेरिकी कंपनीने 1962-63 मध्ये मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला. शहराच्या दोन्ही अंगांनी, पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक, असे मुक्त मार्ग काढा म्हणून सांगितलं. पश्चिमेकडचा पहिला तुकडा, वांद्रे-वरळी सी लिंक, उघडायला 2009 उजाडलं. पूर्वेचा 2013. पन्नास वर्षं!"

"म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या शहराचा नकाशा आपण आत्ता बांधतोय," मास्तर म्हणाले.

हे मला पटलं, आणि तसं मी म्हणालोही. त्या काळात गोदीत काम होतं, गिरण्या चालू होत्या, सकाळी सगळा लोंढा दक्षिणेकडे जायचा. नंतर गिरण्या बंद पडल्या. 1989 मध्ये न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं आणि मुंबई बंदराचा माल हळूहळू तिकडे सरकला. ऑफिसं वांद्रे-कुर्ला संकुलात, बीकेसीला गेली, पवईला गेली. फ्रीवे मात्र जुन्या नकाशाप्रमाणे फोर्टकडेच निघाला.

"कारण जागा तिथे होती," साहेब म्हणाले. "ऑरेंज गेटपासून आणिकपर्यंतचा सव्वानऊ किलोमीटरचा तुकडा खांबांवर आहे, आणि तो बराचसा पोर्ट ट्रस्टच्या हद्दीतून जातो. एकच मोठा जमीनमालक, त्यातली बरीच जागा पडीक. दादरमधून असा पूल काढून दाखव मला. पुढचं आणिक ते पांजरापोळ बघ, सोपं होतं का? डोंगर फोडून पाचेकशे मीटरचे जोड बोगदे काढावे लागले, झोपड्या हलवाव्या लागल्या. आणि पांजरापोळपासून घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडपर्यंतचा शेवटचा तुकडा 2014 च्या जूनपर्यंत लांबला. सगळा मिळून जेमतेम सतरा किलोमीटरचा रस्ता, त्याला 2008 पासून सहा वर्षं लागली."

झोपड्या हलवाव्या लागल्या, हे साहेब ज्या सुरात म्हणाले तो मला आवडला नाही. पण तो वाद आमच्यात पूर्वी इतक्यांदा झालाय की कोणी उचलला नाही.

मास्तरांनी मग हार्बर लाइन काढली. वडाळा रोड, शिवडी, कॉटनग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड, मस्जिद, सीएसएमटी. भूगोलाच्या तासाला नद्या म्हणाव्यात तशी त्यांनी स्टेशनं म्हटली. "फ्रीवे या सगळ्यांच्या शेजारून जातो. आता हिशोब करा. खांबांवरच्या भागात एका बाजूला दोन लेन. एका लेनमधून तासाला दोन हजार गाड्या गेल्या तर डोक्यावरून पाणी. चार हजार गाड्या, गाडीत सरासरी दीड माणूस. किती झाले?"

"सहा हजार," पिंट्या म्हणाला.

"बारा डब्यांची एक लोकल कोंबून भरली की साडेचार-पाच हजार माणसं जातात. तासाभराच्या फ्रीवेला सव्वा लोकल भारी पडते. हार्बरवर बारा डब्यांच्या गाड्या यायला 2016 उजाडलं. आधी मोटारींचा पूल झाला, मग लोकलचे डबे वाढले."

साहेब थोडे अडखळले, पण हरले नाहीत. "आकडा बरोबर आहे. पण फ्रीवे बांधणाऱ्या एमएमआरडीएनेच, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, याच भागात सार्वजनिक वाहनही दिलं होतं की. मोनोरेल! चेंबूर ते वडाळा, फेब्रुवारी 2014. फ्रीवेनंतर आठ महिन्यांत. फ्रीवेवर पहिल्या आठवड्यापासून रांगा, मोनोत माश्या. लोकांनी निवड केली ना?"

"मोनो वडाळ्यात नेऊन सोडायची हो," मी म्हणालो. "वडाळ्याला कोणाचं काय काम? जेकब सर्कलपर्यंत जायला तिला 2019 चा मार्च लागला. फ्रीवेही वडाळ्यात संपवला असता तर तिथेही माश्याच दिसल्या असत्या."

पिंट्या इतका वेळ मोबाइलवर ऑर्डर बघत होता. तो पार्सलं पोचवतो, चेंबूर ते काळबादेवी, स्कूटरवर. त्याने मान वर केली आणि माझ्या मते संध्याकाळचं सगळ्यात नेमकं वाक्य टाकलं. "फ्रीवेवर टू-व्हीलर बंद. सी लिंकवर बंद. अटल सेतूवर बंद. कोस्टल रोडवर बंद. मुंबईत पैसा ओतून जेवढे भारी रस्ते झाले, त्यातल्या एकावर तरी मला जाता येतं का?"

"वारा असतो रे वर," साहेब म्हणाले. "आणि वेग. जे. जे. फ्लायओव्हरवर किती पोरं गेली, माहितीय ना? म्हणून तिथेही बंदी आली."

"मग खाली ट्रेलरखाली गेलो तर चालतं?"

यावर साहेबांकडे उत्तर नव्हतं, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे दिलंही नाही. अवजड वाहनांनाही वर मज्जाव आहे, म्हणजे ट्रेलर आणि स्कूटर दोघं खालच्या पोर्ट ट्रस्टच्या रस्त्यावर एकत्र. रिक्षाही वर नाही, पण रिक्षा तशीही सायनच्या पुढे जात नाही. आणि रे रोड, कॉटनग्रीनला पुलाखाली राहणाऱ्या माणसाचं काय? त्याच्या वाट्याला पुलाची सावली आली. उन्हाळ्यात तेवढी कामाची, असं काका म्हणाले. गमतीत म्हणाले असावेत.

तेवढ्यात साहेबांनी हुकमाचं पान काढलं. ऑरेंज गेटची कोंडी सुटणार आहे, तिथून थेट मरीन ड्राइव्हपर्यंत रस्ता होतोय. सव्वानऊ किलोमीटर, त्यातला बराचसा बोगदा, रेल्वेच्या रुळांखालून, मेट्रो-3 च्याही खालून. फ्रीवे आणि कोस्टल रोड जोडले जाणार. इकडच्या टोकाला छेडानगरपासून ठाण्याच्या आनंदनगरपर्यंत उन्नत मार्ग. शिवडीला नवी मुंबईचा अटल सेतू 2024 च्या जानेवारीत जोडला गेलाच आहे.

"म्हणजे ठाण्याचं, नवी मुंबईचं आणि आपलं पाणी एकाच नळात सोडायचं," मास्तर म्हणाले. "विक्रोळीची ती गुलाबी फुलांची झाडंसुद्धा या ठाण्याच्या रस्त्यापायी जाणार होती. लोकांनी आरडाओरडा केल्यावर नकाशा बदलला. आधी बदलता येत नव्हता?"

"येत होता," साहेब पटकन म्हणाले, आणि मग बहुधा त्यांना वाटलं की आपण फारच लवकर कबूल केलं.

मी कधीपासून मनात असलेली गोष्ट तेव्हा बोललो. बोगदा होईल तेव्हा होईल. आज सकाळी आठ ते अकरा फ्रीवेची एक लेन फक्त बसला द्या. बेस्टचा आणिक डेपो फ्रीवेच्या पायथ्याशीच आहे. चेंबूरहून भरायची, मध्ये कुठे थांबायचं नाही, थेट फोर्ट. मिनिटाला एक बस सोडली, बसमध्ये पन्नास माणसं धरली, तरी तासाला तीन हजार होतात. मास्तरांच्याच हिशोबाने गाड्यांची एक लेन तेवढीच माणसं नेते, आणि मिनिटाला एक बस म्हणजे लेन जवळजवळ रिकामीच. शिवाय त्या तीन हजारांपैकी कोणाला फोर्टात पार्किंग शोधायचं नाही.

वाटलं, निदान मास्तर टाळी देतील. ते म्हणाले, बेस्टकडे आधी आहेत त्या मार्गांनाच बस पुरत नाहीत, तू नवी कुठून आणणार? साहेब म्हणाले, उरलेल्या एका लेनमध्ये गाडी बंद पडली तर रांग पांजरापोळपर्यंत जाईल. पिंट्या म्हणाला, लेन द्यायचीच तर स्कूटरला द्या. तिघंही पहिल्यांदा एका बाजूला होते, आणि ती बाजू माझ्याविरुद्धची होती.

"साहेब, हार्बर बंद पडली तर स्टेशनं ओस पडतात का? लोक बसच शोधतात ना?" मी शेवटचा प्रयत्न केला. "तीच बस रोज द्या म्हणतोय. काका, तुम्ही तरी सांगा, चुकतंय कुठे?"

काकांनी रिकामा ग्लास बाकाखाली सरकवला. "चुकत काहीच नाही. पण चेंबूरचा माणूस तीस रुपयांत एसी बसने फोर्टला पोचायला लागला, तर माझ्या टॅक्सीत कोण बसेल, ते सांग आधी."