खपलीत ग्लुटेन नसतं म्हणे!

ताईच्या सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर दोनेक महिन्यांपूर्वी एक मेसेज आला. तिथून तो ताईकडे आणि ताईकडून माझ्याकडे. काल तोच आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टपकला, म्हणून आता लिहितेच. मेसेज असा: ‘सिलिॲक आणि ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी एकच. पंधरा दिवस गहू बंद करा, पोट हलकं वाटलं तर तुम्हाला सिलिॲक आहे. रक्ततपासणी, एंडोस्कोपी हा सगळा लॅबवाल्यांचा धंदा. नंतर देशी खपली गहू खा, त्यात ग्लुटेन नसतं. आठवड्यातून एखादी साधी पोळी चालते.’ खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’. (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं, कणकेला ताण देणारं प्रथिन. सिलिॲक हा त्यामुळे होणारा आतड्याचा आजार.)

ताईची मुलगी नऊ वर्षांची. लोहाच्या औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या संपल्या तरी हिमोग्लोबिन वर येईना, उंचीही अडलेली. डॉक्टरांनी सिलिॲकसाठीची टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी लिहून दिली आणि नेमका त्याच आठवड्यात आजींनी घरातला गहू बंद केला.

या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. सिलिॲकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला केसांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात, मग लोह द्या नाहीतर कॅल्शियम, अंगी लागतच नाही. रक्तात शोधतात त्या या हल्ल्यात तयार होणाऱ्या अँटिबॉडीज. गहू सोडला की त्या हळूहळू उतरतात, आतडंही भरून यायला लागतं. अशा वेळी तपासणी केली तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि आजार लपून राहतो. मग पुन्हा गहू खाऊन तपासणी करा! ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शिका सांगते की तपासणीआधी निदान सहा आठवडे, रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लुटेन असायला हवं. ज्या मुलीला त्यानेच त्रास होतो, तिला ते सहा आठवडे कोण खाऊ घालणार? मेसेज लिहिणारा?

बरं, पोट हलकं वाटण्याने सिद्ध काय होतं? ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ३७ जणांवर प्रयोग केला. सिलिॲक नसलेली, पण ‘ग्लुटेन सोडलं की बरं वाटतं’ असं सांगणारी ही माणसं. आधी त्यांच्या आहारातून पोटात आंबून वायू धरणारी कर्बोदकं कमी केली, तेवढ्यानेच सगळ्यांना आराम पडला. मग कोणाला कधी काय दिलंय हे न सांगता कधी भरपूर ग्लुटेन दिलं, कधी थोडं, तर कधी ग्लुटेनऐवजी दुधातलं प्रथिन. तक्रारी तिन्ही वेळा सारख्याच वाढल्या. खास ग्लुटेनचाच त्रास दिसला तो जेमतेम ८ टक्क्यांना. गंमत म्हणजे, ग्लुटेन बाधतं असं दाखवणारा २०११ चा अभ्यासही याच चमूचा होता. गव्हात फ्रुक्टन नावाचं कर्बोदक असतं, कांद्या-लसणातही असतं. पुष्कळांच्या पोटफुगीचं मूळ ते असू शकतं.

म्हणजे सिलिॲक नसताना गव्हाने त्रास होणारी माणसं आहेत, एवढं मेसेजवाल्याला द्यावं लागेल. त्यांचा त्रास खोटा नाही. पण त्यांच्या आतड्याची तशी झीज होत नाही, त्या त्रासाची ठरलेली रक्ततपासणीही नाही, म्हणून आधी सिलिॲक नाही ना हे बघावं लागतं. त्यांनी आठवड्याला एक पोळी खाल्ली तर फार तर पोट गुबारेल. सिलिॲकच्या रुग्णाला तीच पोळी आतून पोखरत राहते, वरवर काही जाणवलं नाही तरी. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेनही आतड्याला बाधतं असं दिसलेलं आहे, आणि ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम असतं.

आता खपली. अहो, खपली गहूच आहे! त्याचं ग्लुटेन जरा अशक्त असतं, कणीक कमी ताणली जाते, काहींना ती पोळी हलकी वाटते, सगळं कबूल. पण सिलिॲकवाल्याला ती पूर्ण वर्ज्य. रवा, शेवया, दलिया, लापशी यांचंही तेच.

पण या थापेनेच आमची भाची वाचली. पंधरा दिवस पोळीवाचून नातीचं कसं व्हायचं, म्हणून सासूबाईंनी तिला पहिल्या दिवसापासूनच खपलीवर आणलं होतं. दोन्ही वेळा खपलीची पोळी, वर तूप. गहू ‘बंद’ होऊनही ग्लुटेन चालूच राहिलं. तीन आठवड्यांनी ताईने रक्त तपासलं तर आकडा मर्यादेच्या दहापटीहून वर. पुढच्या तपासण्यांतही सिलिॲकच निघाला. खपलीचं ऐकून डॉक्टर आधी हसले, मग गंभीर होऊन म्हणाले, आता तुम्हीही तपासून घ्या. सख्ख्या नात्यात हा आजार जास्त आढळतो.

सासूबाईंना फार लागलं ते. आता ज्वारी-बाजरी गिरणीत देत नाहीत, कारण तिथे आधी गहू दळलेला असतो, घरघंटी आणलीये. परवा चष्मा लावून हिंगाची डबी वाचत होत्या. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: गव्हाचं पीठ.