‘नुसतं ऐका, भाषा आपोआप येते’ हे खरं नाही

नवी भाषा शिकणाऱ्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : ‘बोलायला माणूस शोधू नका. मालिका बघा, पॉडकास्ट ऐका. लहान मुलं ऐकूनच शिकतात. घाईने बोलाल तर चुका पक्क्या होतील.’ हा सल्ला मानून वर्षानुवर्षं कानाला हेडफोन लावलेली, पण चार वाक्यं बोलायला घाबरणारी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून हे लिहिते आहे.

‘मुलं ऐकूनच शिकतात.’ बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३चा प्रयोग बघा. अमेरिकेतल्या ९ महिन्यांच्या काही बाळांशी मँडरिन बोलणारी माणसं समोर बसून खेळली, बोलली. दुसऱ्या बाळांना तेच पडद्यावर दाखवलं. १२ बैठकांनंतर पहिल्या बाळांना मँडरिनमधले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. पडद्यासमोरच्या बाळांना मुळीच नाही. भाषा तीच होती, समोर माणूस नव्हता.

‘समजायला लागलं की बोलता येतं.’ कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली काही मुलं फ्रेंच माध्यमात शिकतात. त्यांना फ्रेंच उत्तम समजायचं, बोलताना मात्र व्याकरण डळमळायचं. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याचं कारण मांडलं : अर्थ लावायला ओळखीचे शब्द पुरतात, पण वाक्य स्वतः जुळवताना लिंग, काळ, प्रत्यय ठरवावेच लागतात. वर्गात ती वेळ फारशी येतच नव्हती.

‘चुका पक्क्या होतील.’ उलट, गप्पांमध्येच त्या सुटतात. मराठी शिकणारा ‘माझी पुस्तक हरवली’ म्हणतो. समोरचा सहज विचारतो, ‘पुस्तक हरवलं? कुठलं?’ दुरुस्ती झाली, तीही हवी त्याच क्षणी. दर वेळी ती लक्षात येत नाही हे कबूल. दहा वेळा कानावर पडली की येते.

‘पक्कं झाल्यावर बोला.’ एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंद लागतात. चित्र बघून एक शब्द उच्चारायलाच सुमारे ६०० लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच उत्तर जुळवावं लागतं. हा सराव एकट्याने कसा करणार?

ऐकणं-वाचणं हवंच, शब्द त्यातूनच भरपूर मिळतात. पण ‘नुसतं ऐका’ म्हणताना ज्या भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांचा आधार घेतला जातो, त्यांची अट आहे की ऐकलेलं समजलं पाहिजे. मालिकेतल्या पात्राला ‘काय म्हणालात?’ असं विचारता येत नाही. समोरच्या माणसाला विचारलं तर तो थांबतो, सोपा शब्द घेतो, हाताने दाखवतो, आणि मघाचंच वाक्य कळतं.