माइल्सचा भाव कोण ठरवतो?

विमान कंपन्यांच्या फ्रिक्वेंट फ्लायर योजनांची, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांना ‘माइल्स’ नावाचे गुण देणाऱ्या योजनांची, चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा हे माइल्स मिळवायचे कसे, याभोवतीच फिरते. कोणते क्रेडिट कार्ड घ्यावे, कोणत्या महिन्यात बोनस मिळतो, हॉटेलचे बुकिंग कोठून करावे, यावर माणसे तासन्‌तास बोलतात आणि जमलेल्या माइल्सचे काय करायचे हा प्रश्न आला की ‘बघू पुढे’ म्हणून मोकळी होतात. माझ्या मते विचार नेमका उलट्या बाजूने सुरू व्हायला हवा. माइल हे असे चलन आहे की ते छापणारा, त्याचा भाव ठरवणारा आणि ते घेऊन माल देणारा हे तिघेही एकच आहेत. अशा चलनात शिल्लक वाढवत बसण्यात मला अजिबात शहाणपण दिसत नाही.

ही व्यवस्था जन्माला कशी आली हे पाहिले की तिचा स्वभाव लवकर कळतो. अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानाचे भाडे आणि मार्ग सरकारी मंडळाच्या संमतीने ठरत असत. त्या वर्षी विमान वाहतूक नियंत्रणमुक्त करणारा कायदा झाला, भाड्यांची स्पर्धा सुरू झाली आणि प्रवासी जिथे स्वस्त तिकीट मिळेल तिकडे वळू लागले. या प्रवाशाला बांधून ठेवायचे कसे, या चिंतेतून अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही योजना आणली. आपले नेहमीचे गिऱ्हाईक कोण, हे शोधण्यासाठी कंपनीने आपल्या ‘सेबर’ या आरक्षण प्रणालीत पुन्हा पुन्हा येणारे दूरध्वनी क्रमांक तपासले होते. काही दिवसांतच युनायटेड या प्रतिस्पर्धी कंपनीने आपली योजना जाहीर केली आणि मग इतरांना मागे राहणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणजे माइल्स ही कृतज्ञतेची भेट कधीच नव्हती. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढू नये म्हणून केलेला तो बंदोबस्त होता. यात गैर काही नाही, पण ते लक्षात ठेवलेले बरे.

सुरुवातीला जितके अंतर उडाल तितके माइल्स, असा सरळ हिशेब होता. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेड यांनी तो मोडला आणि २०१६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सही त्याच वाटेने गेली. आता अंतराऐवजी भाड्यावर माइल्स मिळू लागले. त्या वेळच्या दराप्रमाणे साध्या सदस्याला प्रत्येक डॉलरमागे ५ आणि सर्वांत वरच्या श्रेणीच्या सदस्याला ११. स्वस्त तिकिटावर लांबचा प्रवास करून भरपूर माइल्स पदरात पाडून घेणाऱ्यांचा काळ तिथेच संपला. अंतरावर माइल्स देणाऱ्या योजना अजूनही आहेत, विशेषतः भागीदार कंपनीच्या विमानाने प्रवास केल्यास; पण तिथेही मेख असते ती तिकिटावरच्या एका अक्षरात. हे बुकिंग क्लासचे अक्षर इकॉनॉमीतही दहा-बारा प्रकारचे असू शकते, आणि शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला पूर्ण अंतराचे माइल्स, तर दुसऱ्याला त्याच्या पाव हिस्सा किंवा शून्य माइल्स मिळू शकतात. तिकीट काढण्यापूर्वी ज्या योजनेत माइल्स जमा करायचे आहेत तिच्या संकेतस्थळावर या अक्षरांचा तक्ता पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि तेच नेमके कोणी करत नाही. माइल्स आपोआप जमा झाले नाहीत तर नंतर मागता येतात, मात्र त्याला मुदत असते. म्हणून खात्यात नोंद दिसेपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवावा.

विमानात न बसता माइल्स मिळवण्याचा मार्ग हा आजचा खरा राजमार्ग आहे. विमान कंपनी बँकेला घाऊक भावाने माइल्स विकते आणि बँक ते कार्डधारकांना वाटते. हा धंदा किती मोठा असावा? एकट्या डेल्टाला अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीकडून २०२४ मध्ये ७ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. महासाथीच्या काळात विमाने जमिनीवर उभी होती, तेव्हा युनायटेडने आपली माइल्सची योजनाच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. त्या वेळी कंपनीने या योजनेचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितले होते, आणि शेअर बाजारात संपूर्ण कंपनीची किंमत मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. विमाने, मार्ग, कर्मचारी आणि कर्जे या सगळ्यांसह असलेल्या कंपनीपेक्षा तिची माइल्सची वही अधिक मोलाची ठरावी, हे वाचल्यावर आपण या व्यवहारात नेमके कोण आहोत असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. कार्डावर मिळणारे माइल्स अनेकदा चांगले असतात, हे मी मान्य करतो. पण कार्डाची थकबाकी पुढच्या महिन्यात ढकलणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, कारण त्यावरचे व्याज कोणत्याही माइल्सपेक्षा जास्त असते.

आता खर्चाकडे येतो. माइल्स वापरण्याआधी कागदावर एक साधे गणित मांडावे, असा माझा आग्रह असतो. समजा, एका तिकिटाची रोख किंमत ६०० डॉलर आहे. तेच तिकीट ४०,००० माइल्स आणि करापोटी ८० डॉलर देऊन मिळते. वाचले ५२० डॉलर, म्हणजे एका माइलला १.३ सेंट भाव मिळाला. पण एवढ्यावर थांबू नये. रोख पैसे भरले असते तर त्या तिकिटावर नवे माइल्सही मिळाले असते. ते समजा २,५०० धरले, तर खरा खर्च ४२,५०० माइल्सचा झाला आणि भाव १.२२ सेंटवर आला. हा भाव पटला तर तिकीट घ्यावे, नाही तर रोख पैसे भरावेत आणि माइल्स राखावेत.

बिझनेस क्लासच्या बाबतीत हेच गणित माणसाला चकवते. चार हजार डॉलरचे तिकीट ७०,००० माइल्स आणि ३०० डॉलर देऊन मिळाले की एका माइलला ५.२८ सेंटांहून अधिक मिळाले, असा हिशेब उत्साही मंडळी मांडतात. पण तुम्ही खिशातून चार हजार कधी काढले असते का? त्या आसनासाठी तुम्ही जास्तीत जास्त १,५०० डॉलर मोजले असते, तर तुमच्यापुरता भाव १.७ सेंटच आहे. तो वाईट नाही. लांबच्या रात्रीच्या प्रवासात आडवे होऊन झोपायला मिळणे हा माझ्या मते माइल्सचा सर्वांत चांगला उपयोग आहे. फक्त त्या चार हजारांच्या बढाया मारू नयेत. याच्या दुसऱ्या टोकाला माइल्सच्या बदल्यात मिळणाऱ्या मिक्सर, सुटकेस, गिफ्ट कार्ड यांची सूची असते. तिथे भाव बहुधा सर्वांत पडेल मिळतो, त्यामुळे त्या पानावर मी जातच नाही.

गणित बिघडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अधिभार. माइल्सच्या तिकिटाचा तपशील उघडून पाहिला तर सरकारी करांच्या रांगेत ‘वायक्यू’ किंवा ‘वायआर’ अशा खुणेची एक रक्कम दिसते. ती सरकारला जात नाही. ती विमान कंपनीनेच लावलेली असते. भाड्याचाच एक तुकडा वेगळ्या नावाने काढला की माइल्सच्या तिकिटावरही तो वसूल करता येतो, अशी ही मखलाशी आहे. मात्र सर्वच योजना असे करत नाहीत. एअर कॅनडाने नोव्हेंबर २०२० मध्ये आपली ‘एरोप्लान’ योजना नव्या रूपात आणली, तेव्हा माइल्सच्या तिकिटांवरचे हे अधिभार काढून टाकले.

इथेच या विषयातला सर्वांत रंजक भाग सुरू होतो. विमान कंपन्यांच्या तीन आघाड्यांपैकी स्टार अलायन्स १९९७ मध्ये, वनवर्ल्ड १९९९ मध्ये आणि स्कायटीम २००० मध्ये स्थापन झाली, आणि तेव्हापासून एका कंपनीच्या माइल्सवर दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसण्याचे जाळे जगभर पसरले. त्यामुळे एकाच विमानातील एकाच आसनासाठी एक योजना जितके माइल्स मागते, त्याच्या दीडपट दुसरी मागते, आणि तिसरी माइल्स कमी घेऊन अधिभारात वसुली करते. ज्याच्याकडे अनेक विमान योजनांत पाठवता येतील असे बँकेचे पॉइंट्स आहेत, त्याला या फरकाचा फायदा घेता येतो. पण पॉइंट्स एकदा पाठवले की ते परत येत नाहीत. भागीदार कंपनीचे आसन पडद्यावर मोकळे दिसते, शेवटचे बटण दाबले की ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. जुनी माहिती पडद्यावर राहून गेलेली असते. म्हणून दुसऱ्या एखाद्या भागीदाराच्या संकेतस्थळावर तेच आसन दिसते का हे पडताळावे, शक्य असल्यास फोन करून खात्री करावी, आणि मगच पॉइंट्स पाठवावेत. मोकळी आसने कंपन्या साधारणतः दोन वेळी सोडतात: वेळापत्रक विक्रीला खुले होते तेव्हा, म्हणजे उड्डाणाच्या सुमारे अकरा महिने आधी, आणि अगदी शेवटच्या दिवसांत, विकली न गेलेली आसने हाती उरतात तेव्हा. मधल्या काळात शोधणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते.

माइल्स साठवू नका असे मी म्हणतो, त्यामागे भावाची घसरण हे मुख्य कारण आहे. पूर्वी कोणत्या प्रदेशासाठी किती माइल्स लागतील याचा छापील तक्ता असे. माणूस लक्ष्य ठरवून तिथवर पोहोचत असे. डेल्टाने २०१५ मध्ये हा तक्ता काढून टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये. आता मागणी वाढली की माइल्सची किंमतही वाढते. उन्हात ठेवलेल्या बर्फाच्या लादीचे वजन आज किती आहे याला जेवढा अर्थ, तेवढाच खात्यातल्या आकड्याला. त्यात काही योजनांत मुदत संपते, मग तुम्ही कितीही निष्ठावंत असा. सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’मध्ये ती साधारण तीन वर्षांची आहे. आणि कंपनीच बुडाली तर? ऑगस्ट २०१७ मध्ये एअर बर्लिन दिवाळखोरीत गेली आणि काही दिवसांतच तिची ‘टॉपबोनस’ योजनाही. सदस्यांचे माइल्स जागच्या जागी गोठले.

कायद्याचा आधार किती मिळतो, हेही पाहू. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने २००८ मध्ये आपल्या एका वरच्या श्रेणीच्या सदस्याला, तो फार तक्रारी करतो या कारणाने, योजनेतून काढून टाकले. असा निर्णय घेण्याचा अधिकार नियमांनीच कंपनीकडे ठेवलेला होता. हे वर्तन सद्‌भावनेला धरून नाही, असा दावा त्याने केला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१४ मध्ये न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. असा दावा राज्याच्या कायद्याखाली चालवायला आड आला तो १९७८ चा तोच नियंत्रणमुक्तीचा कायदा, ज्याच्यामुळे या योजना जन्माला आल्या. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या परिवहन विभागाने चार मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या योजनांची माहिती मागवली, पण ज्या वहीचे नियम लिहिणारा ते केव्हाही खोडू शकतो, तिच्यावर हक्क सांगणे अवघडच आहे.

स्टेटसविषयी, म्हणजे सदस्याच्या वरच्या श्रेणीविषयी, थोडक्यात सांगतो. कामानिमित्त सतत फिरणाऱ्याला लाउंज, जादा सामान आणि विमान चुकल्यावर मिळणारी मदत यांचा खरा उपयोग होतो. पण डिसेंबरमध्ये श्रेणी टिकवण्यासाठी विनाकारण एक फेरी मारणाऱ्यांचे तर्कशास्त्र मला आजवर उमगलेले नाही.

विमान कंपनीकडून सवलतीत माइल्स विकत घ्यावेत का, असे मला अनेक जण विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे: प्रवासाची तारीख ठरलेली असेल, आसन समोर दिसत असेल, वरचे गणित केल्यावर भाव रोख तिकिटापेक्षा स्वस्त पडत असेल आणि जेवढे कमी पडतात तेवढेच घेणार असाल, तर जरूर घ्यावेत. शंभर टक्के बोनसची जाहिरात दिसली एवढ्याच कारणाने घ्यायचे असतील, तर ती रक्कम बँकेतच राहू द्यावी. तीच पुढे कोणत्याही कंपनीचे तिकीट काढायला चालते.