गार करायला हीटर

"वॉल काढून टाका."

रविवार, सकाळचे नऊ. बॉनेट उघडं, माझी मान आत, हातात मल्टिमीटर. आवाज तळमजल्यावरच्या काकांचा. काका रोज सकाळी पार्किंगमधल्या मांजरांना रात्रीची पोळी घालतात आणि मग दिवसभर सोसायटीला सल्ला घालतात.

झालं होतं एवढंच, की आठवडाभर गाडीचा इंजिन-बिघाडाचा पिवळा दिवा विझत नव्हता. सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने स्कॅनर लावला, पी०५९७ असा कोड वाचला आणि अख्खा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणारा वॉल (व्हॉल्व्ह), हाउसिंगसकट बदलायचं साडेअठरा हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. कोडचा अर्थ, थर्मोस्टॅटच्या हीटरचं सर्किट ओपन. म्हणजे विजेची वाट कुठेतरी तुटलीय. थर्मोस्टॅटच्या आत तुटलीय की बाहेर वायरीत, ते मोजल्याशिवाय कसं कळणार? "मोजलंत का?" असं विचारलं तर त्याने असं पाहिलं, जणू मी हॉटेलात भाताची शितं मोजून मागितली. "सर, सिस्टीम दाखवतंय ना!" या दाखवण्याचे हजार रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, एकूण १,१८०. त्याहून कमी पैशात मल्टिमीटर येतो. रागाच्या भरात घेऊन आलो.

"आमच्या पद्मिनीतला वॉल मी १९८४ साली काढून फेकला," काका म्हणाले. "खंडाळ्याच्या घाटात लोकांच्या गाड्या रस्त्याकडेला वाफा सोडत उभ्या, आणि आम्ही वर चहा पीत."

"काका, वॉल काढला की इंजिन गारच राहतं, पेट्रोल जास्त पितं. शिवाय यातला नुसता वॉल नाही. यात हीटर असतो."

"कशात?"

"थर्मोस्टॅटमध्ये."

"म्हणजे इंजिन गार करणाऱ्या वस्तूत?"

"हो."

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. "तुम्हाला फसवलंय."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव! म्हटलं, काका, थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. कूलंट तापलं की मेण वितळून फुगतं, वॉल उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. जुन्या गाड्यांत हे साधारण ८०-९० अंशांना व्हायचं. या गाडीत मेणच असं घातलंय, की ते १०५ अंशांपर्यंत हलत नाही, कारण इंजिन जरा गरम राहिलं की पेट्रोल वाचतं. मात्र चढ लागला, दाबून चालवली, की कॉम्प्युटर मेणातला छोटा हीटर चालू करतो. मेण लवकर वितळतं, वॉल लवकर उघडतो, इंजिन गार होतं.

एवढं बोलून मला धाप लागली. काकांनी वॉचमनला हाक मारली.

"अहो, या इकडे! यांच्या गाडीत गार करायला हीटर बसवलाय!"

वॉचमन आला. त्याच्या मागे पेपरवाला. मग कुणाचीतरी दोन पोरं. काकांनी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं आणि प्रत्येकाने आधी बॉनेटमध्ये, मग माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मिक्सर घेऊनच खाली आल्या. "नाहीतरी मीटर काढलाच आहे, तर हे बटण बघता का?" मी बँकेत नोकरी करतो हो! पण भर पार्किंगमध्ये वाकून मिक्सर तपासला. बटण ठीक होतं, भांडं नीट बसत नव्हतं. त्या दिवशीचं माझं एकमेव निर्विवाद निदान.

मग थर्मोस्टॅटचा सॉकेट काढून दोन पिनांवर मीटर लावला. सुमारे १५ ओहम. म्हणजे हीटर जिवंत! साडेअठरा हजारांचा ऐवज धडधाकट होता. मग इग्निशन ऑन करून वायरीकडच्या बाजूला मोजलं. बारा-एक व्होल्ट हवे होते, मीटर म्हणतो शून्य. फ्यूज पाहिला, शाबूत. राहिली फक्त मधली वायर. काळी टेप सोलत सोलत गेलो, तर वीतभर पुढे तांबं उघडं. दोन टोकं समोरासमोर, मध्ये अर्ध्या इंचाची फट, कडेला बारीक दातांचे ठसे. आणि खालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर, तेलाने काळा पडलेला, पापडासारखा कडक, पोळीचा चतकोर.

मी तो चिमटीत धरून वर केला. पेपरवाला हसला. वॉचमन दुसरीकडे बघायला लागला. मांजरांच्या वाटच्या पोळीवर उंदीर जगतात, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. मांजरं फार तर वास घेतात.

काकांनी तुकडा हातात घेतला, उलटा करून पाहिला. "ही आमच्याकडची नाही. आमच्याकडे फुलके असतात."

वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, कोड पुसला, दिवा विझला. खर्च म्हणाल तर चाळीसच्या आत, ते १,१८० सोडून. ते मी सोडलेले नाहीत. सर्व्हिस सेंटरला फोन करून सांगितलं, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाते." वॉरंटी संपून दोन वर्षं झालीत.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला. 'काही रहिवाशांच्या गाड्यांच्या बॉनेटमध्ये खरकटं अन्न आढळले आहे. त्यामुळे उंदीर होतात. कृपया गाड्या स्वच्छ ठेवाव्यात.'

खाली अकरा अंगठे. त्यातला एक मिक्सरवाल्या वहिनींचा.