एक तारा दिलेल्या रिव्ह्यूला उत्तर: राणीचं मेटिंग आम्ही का नाकारलं

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या लॅब्राडॉर मादीला, राणीला, मेटिंगसाठी घेऊन अक्कलकोटहून गाडी करून आलात आणि काम न होता परत जावं लागलं, तेव्हा राग येणं साहजिक आहे. आगाऊ दिलेली रक्कम त्याच दिवशी परत पाठवली होती, त्यामुळे पैशांचा विषय इथेच संपवतो. बाकीचं मात्र इथे सगळ्यांसमोरच लिहितो, कारण सोलापुरात लॅब (लॅब्राडॉर) पाळणारे बरेच जण तुमच्यासारखाच विचार करतात.

तुम्ही लिहिलंय की नर धडधाकट, मादी धडधाकट, नराची डीएनए टेस्ट क्लिअर, तरी आम्ही नाही म्हणालो. बाप-लेकीच्या मेटिंगने लाईन पक्की होते, म्हणजे पिल्लं एकाच ठेवणीची येतात, हे आम्हाला कळत नाही, असंही लिहिलंय. वर बाहेरचा नर सुचवून आम्ही जात बिघडवायला सांगतो. आणि शेवटी, "आता तिच्या सख्ख्या भावाशीच लावून घेतो."

या शेवटच्या वाक्यामुळे हे उत्तर तातडीने लिहितोय.

ज्या सुलतानशी तुम्हाला मेटिंग हवं होतं, राणी त्याचीच मुलगी आहे. तिच्या वंशावळीच्या पेपर्सवर वडिलांच्या जागी त्याचंच नाव आहे. सुलतानची टेस्ट क्लिअर आहे हेही खरं. पण ती दोन आजारांची टेस्ट आहे. एक पीआरए. यात डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होतो. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, कुत्रा अंधारात जिना उतरायला कचरतो, पुढे दिवसाही दिसत नाही, आणि यावर उपचार नाही. दुसरा ईआयसी. पाच-पंधरा मिनिटं जोरात पळालं की मागचे पाय लुळे पडतात, कुत्रा कोसळतो, कधी दगावतोही. आपल्याकडच्या उन्हात असं झालं तर मालकाला वाटतं ऊन लागलं. या दोन्हींची जनुकं शास्त्रज्ञांना सापडलीत म्हणून त्यांची टेस्ट होते. जे दोष अजून सापडलेलेच नाहीत, त्यांची टेस्ट कुठली लॅबोरेटरी करणार? जवळच्या नात्यातल्या मेटिंगची भीती याच न सापडलेल्या दोषांची असते.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. असे पुष्कळ दोष आहेत की एक प्रत खराब आणि एक चांगली असेल तर कुत्र्याला काहीच होत नाही. तो खातो, पळतो, शोमध्ये बक्षीस घेतो. त्याला कॅरिअर म्हणतात. दोन्ही प्रती खराब आल्या तरच आजार होतो. म्हणून आई-बाप धडधाकट आहेत यावरून पिल्लांचं काहीच ठरत नाही.

आता धरून चाला की सुलतानकडे असा एक दडलेला दोष आहे. तो राणीकडे आलेला असण्याची शक्यता निम्मी. आला असेल, तर या दोघांच्या प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक. दोन्ही मिळून आठात एक. लॅबला एका वेळी सात-आठ पिल्लं सहज होतात, मोजून बघा. आणि हा हिशोब एकाच दोषाचा. एका कुत्र्यात असे अनेक असू शकतात. परक्या नराकडे नेमका तोच दोष असायला मोठा योगायोग लागतो.

भावाने हे टळत नाही दादा. भाऊ-बहिणीच्या मेटिंगमध्ये बापाचा दडलेला दोष सोळात एक या प्रमाणात बाहेर येतो, पण आईचाही तसाच येतो. बाप-लेक असो की सख्खी भावंडं, अशा पिल्लांचा इनब्रीडिंगचा आकडा, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, 25 टक्के धरतात. सावत्र भावंडांत तो 12.5 आणि चुलत-मावस भावंडांत 6.25. तुम्ही फोनवर म्हणालात की आपल्या सीमाभागात मामा-भाचीची लग्नं होतातच की. तिथे तो 12.5 असतो, म्हणजे तुम्ही करायला निघालात त्याच्या निम्मा. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इंग्लंडच्या केनेल क्लबने 2009 पासून बाप-लेक, आई-मुलगा आणि सख्ख्या भावंडांच्या पिल्लांची नोंदणीच बंद केली.

लाईन पक्की होते, हे मी नाकारत नाही. डोकं, रंग, हाड एकसारखं येतं, कारण दोन्ही बाजूंनी एकच प्रत येते. दोषही त्याच कारणाने पक्का होतो. शिवाय पिढ्यानपिढ्या हे चाललं की पिल्लं कमी होतात, अशक्त होतात. आणि पीआरए बहुतेक वेळा तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या सुमारास लक्षात येतो. दोन महिन्यांचं पिल्लू विकताना सगळं छान असतं. अंधत्व कळेपर्यंत विकणारा मोकळा झालेला असतो आणि त्या कुत्र्याला पुढची पिल्लंही झालेली असतात. ज्या घरातल्या मुलांना त्याचा लळा लागलेला असतो, त्या घराला हे सोसावं लागतं. मला याचा फार त्रास होतो.

जात बिघडण्याबद्दल. मी सुचवलेला नर लॅबच आहे, फक्त नात्यातला नाही. यात जात बिघडत नाही. आणि खरंच दुसरी जात आणली तर काय होतं, तेही डालमेशियनमध्ये दिसलंय. त्या जातीत लघवीतल्या जादा युरिक अ‍ॅसिडचा दोष इतका पक्का झाला की शुद्ध डालमेशियनमध्ये चांगली प्रत उरलीच नाही, आणि मूतखड्याचा त्रास जातीलाच चिकटला. 1973 मध्ये अमेरिकेत एका संशोधकाने एकदाच पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी मेटिंग केलं, मग पुढच्या सगळ्या पिढ्या डालमेशियनशीच. आज त्या वंशातले कुत्रे ठिपक्यांसकट डालमेशियनच दिसतात, आणि त्यांच्यात ती चांगली प्रत आहे. अमेरिकन केनेल क्लबने 2011 मध्ये त्यांना मान्यता दिली. परकं रक्त आलं म्हणूनच हे शक्य झालं.

राणी साधारण सहा महिन्यांनी पुन्हा माजावर येईल. तोवर तिची टेस्ट करून घ्या. गालाच्या आतून कापसाच्या काडीने सॅम्पल घेतात, तिला काही दुखत नाही. एखाद्या दोषाची कॅरिअर निघाली तरी तिला बाद करू नका. त्या दोषात क्लिअर असलेल्या नराशी मेटिंग केलं तर एकाही पिल्लाला तो आजार होत नाही. जुळे सोलापुरात एक आणि बार्शीत एक, असे दोन नर मी तुम्हाला सांगितले होते. दोघांचे तीन पिढ्यांचे पेपर्स पाहिलेत, सुलतानशी नातं नाही. ते पसंत नसतील तर तुमच्या पसंतीचा नर शोधा, फक्त मेटिंगआधी त्याचे पेपर्स मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तपासून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.