फोन आहे ना, मग वेगळा प्लेअर कशाला?

गेले काही दिवस एक मजकूर सगळीकडे फिरतोय. आशय असा: अंध माणसाला ऑडिओबुकसाठी वेगळा प्लेअर घेऊन देणं म्हणजे पैसे वाया घालवणं. फोनमध्ये स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, फुकट असतो, त्यामुळे कुठलंही ॲप त्याला आपोआप वापरता येतं. पुस्तक म्हणजे शेवटी आवाजच, एमपी३ टाका आणि प्ले दाबा. अडलंच तर व्हॉइस असिस्टंट आहेच. लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका नाही. पण मला दिसत नाही आणि मी रोज दोन-तीन तास पुस्तकं ऐकतो, तेही बहुतेक फोनवरच. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

आधी त्या ‘आपोआप’बद्दल. ॲप बनवणाऱ्याने बटणांना नावं दिली असतील तरच स्क्रीन रीडर ती वाचू शकतो. नावं नसतील तर बोट फिरवताना कानावर पडतं ते एवढंच: ‘बटण. बटण. बटण.’ यातलं प्ले कुठलं आणि पुस्तक काढून टाकणारं कुठलं, ते दाबल्यावरच कळतं!

नावं दिलेली असली तरी पुढे पुस्तकात मागे-पुढे जाण्याची सरकपट्टी असते. दिसणारा माणूस बोटाने ती हवी तिथे ओढतो. व्हॉइसओव्हर या आयफोनच्या स्क्रीन रीडरमध्ये साध्या सरकपट्टीवर बोट एकदा वर किंवा खाली फिरवलं की ती सहसा दहा टक्क्यांनी सरकते. बारा तासांच्या पुस्तकात दहा टक्के म्हणजे ७२ मिनिटं. ऐकायचं राहिलेलं एक वाक्य पुन्हा ऐकायला मागे गेलो, तर थेट सव्वा तास आधीच्या प्रसंगात जाऊन पडतो, आणि निघालो कुठून होतो ते आठवत नाही. ‘तीस सेकंद मागे’ असं नीट नाव दिलेलं एक साधं बटण असलं की हा प्रश्नच उरत नाही. काही ॲपमध्ये ते असतं, काहींत नसतं. शिवाय स्क्रीनला बोट लागलं की स्क्रीन रीडर बोलू लागतो, पुस्तक वाचणाऱ्याचं वाचन चालूच असतं, आणि दोन आवाज एकमेकांवर चढतात. दोन बोटांनी दोनदा टिचकी मारून पुस्तक थांबवण्याची सोय आहे, तेवढी एक मात्र फार कामाची.

‘पुस्तक म्हणजे आवाजच’ हे कादंबरीपुरतं मान्य. एका टोकाला सुरू करायची, दुसऱ्या टोकाला संपवायची. (त्यातही गाण्यांसाठी बनवलेली कित्येक ॲप आपण कुठे थांबलो ते विसरतात, आणि रात्री झोप लागली की सकाळी शोधाशोध.) पण कायद्याचं पुस्तक घ्या. शिक्षक म्हणतात, पान ११२ उघडा. माझ्याकडे ‘ट्रॅक ०१’ ते ‘ट्रॅक ४०’. पान ११२ कुठे आहे, सांगा!

ही अडचण कॅसेटच्या काळापासूनची. ती सोडवण्यासाठीच स्वीडनमधल्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयाने नव्वदच्या दशकात डेझी या पद्धतीवर काम सुरू केलं, आणि १९९६ मध्ये अनेक देशांतल्या संस्थांनी मिळून डेझी कन्सोर्शियम स्थापन केलं. डेझी पुस्तकात आवाजाला पुस्तकाचा सांगाडा जोडलेला असतो: भाग, प्रकरण, उपप्रकरण अशा शीर्षकांच्या सहा पातळ्यांपर्यंत, शिवाय पानांचे क्रमांक. प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारा, नाहीतर थेट पानाचा आकडा द्या. मात्र प्लेअरला किंवा ॲपला डेझी समजायला हवं. तेच पुस्तक साध्या एमपी३ प्लेअरमध्ये टाकलं, की हा सगळा सांगाडा गळून पडतो आणि पुन्हा ट्रॅकच हाती येतात.

व्हॉइस असिस्टंटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. थांब, पुढे जा, एवढं जमतं. शेजारी कोणी झोपलेलं असलं की तेवढंही नाही.

राहिला पैसे वाया जाण्याचा मुद्दा. माझे एक परिचित आहेत, सत्तरीत दृष्टी गेली. त्यांना फोन द्यायचा म्हणून घरच्यांनी दोन महिने शिकवलं. काचेवर बोट ठेवलं की काहीतरी उघडायचं आणि ते वैतागून फोन बाजूला ठेवायचे. मग बटणांचा प्लेअर आणला. पाचच्या बटणावर उठावाचा ठिपका, तो सापडला की बाकीची बटणं आपोआप हाताला येतात. आता ते ऐकता ऐकता झोपतात, तासाभराने प्लेअर स्वतःच बंद होतो.

तरी माझा त्या मजकुराशी पूर्ण झगडा नाही. फोनवर हात बसला असेल आणि डेझी वाचणारं नीट ॲप मिळालं, तर वेगळा प्लेअर घेऊ नका. वेगळ्या प्लेअरलाही खोट आहेच: कुलूपबंद स्वरूपात विकली जाणारी पुस्तकं विकणाऱ्याच्या ॲपबाहेर, किंवा त्याने मान्य केलेल्या यंत्रांबाहेर चालत नाहीत. तुमची निम्मी पुस्तकं तशी असतील, तर घेण्याआधी ते विचारून घ्या.

दुसऱ्यासाठी निवडत असाल, तर आधी स्वतः वापरून बघा. नुसते डोळे मिटून नाही, मिटलेले डोळे मध्येच चोरून उघडतात. फोनमध्ये स्क्रीन काळी ठेवण्याची सोय असते, ती चालू करा. बटणांचा प्लेअर असेल तर तो पांघरुणाखाली धरा. पुस्तकाचं तिसरं प्रकरण काढा, दोन मिनिटं ऐका, एक वाक्य मागे या, खूण ठेवा, बंद करा. परत सुरू केल्यावर पुस्तक त्याच वाक्यावर येतंय का ते ऐका.